खालचा गिअर पडंना

"इक्या, दुकानाला कुलूप लाव आणि उसाच्या रसाचा गाडा टाक."

रंगराव हे गाडीवर बसूनच म्हणाला. माझ्या दुकानासमोर आचका देऊन त्याची मोटरसायकल बंद पडली होती आणि तो डावा पाय टेकून, दोन्ही हातांनी हँडल धरून तसाच बसला होता. मे महिन्यातली दुपार. कोल्हापुरात उद्यमनगरच्या पत्र्याखाली त्या दिवसांत माणूस पापडासारखा भाजून निघतो. मी हातातला पाना खाली ठेवला.

"आता काय झालं?"

"तेच. खालचा गिअर पडंना. तिसऱ्यात होतो, पुढं म्हसरं आडवी आली. दुसरा टाकाय गेलो तर न्हाई पडला. भर रस्त्यात बंद. मागच्या टेंपोवाल्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या."

"वर जाताना पडत्यात?"

"वर जाताना लोण्यागत. दुसरा, तिसरा, चौथा, खटाखट. खाली येतानाच नखरं."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण ती दुपार अजून डोळ्यांसमोर आहे.

रंगराव पोवार आणि मी, इकबाल शिकलगार, एका बाकावर शिकलो आणि एकाच वर्षी नापास झालो. मी गॅरेजात लागलो, तो ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. पुढं माझं स्वतःचं दुकान झालं आणि त्याची स्वतःची बस. लग्नाची वऱ्हाडं, शाळांच्या सहली, देवदर्शनं. कोकणात उतरणारे घाट त्याला घरच्या जिन्यासारखे पाठ होते. दारूला त्यानं कधी हात लावला नाही. मित्रांच्या बैठकीत हा आपला खारे शेंगदाणे खात बसायचा आणि शेवटी सगळ्यांना घरी सोडायचा.

मोटरसायकल त्याच्या वडिलांची, बापूंची. बापू गावोगावच्या तंबू-थिएटरांना सिनेमाच्या रिळांच्या पेट्या पोचवायचे, त्या याच गाडीवरून. विलायती बनावट, वयानं आम्हा दोघांपेक्षा मोठी. बापू गेल्यावर किती जणांनी मागितली, रंगरावनं दिली नाही. रोज सकाळी बसकडे जायचा तो याच गाडीवरून.

या जुन्या गाड्यांची तऱ्हा वेगळी असते. आताच्या गाड्यांचा गिअर डाव्या पायाला, हिचा उजव्या. दांडी पायानं दाबली की गिअर चढतो. उतरवायचा असला की चवडा दांडीखाली घालून ती वर उचलायची. पहिला गिअरही तसाच, उचलूनच पडतो. दाबलं की चढला, उचललं की उतरला. एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

पहिल्यांदा त्यानं गाडी आणली तेव्हा मी क्लचवर संशय घेतला. क्लच पुरता सुटत नसेल तर गिअर अडतो. उघडून बघतो तर प्लेटा जळून काळ्यानिळ्या झालेल्या.

"रंग्या, दुसऱ्या गिअरवर गाडी उचलतोस काय?"

"पहिला पडला न्हाई तर काय करू? ढकलत नेऊ?"

नव्या प्लेटा घातल्या, नवी केबल ओढली. मी स्वतः रंकाळ्याला फेरी मारून आलो. झकास. आठवड्यात गाडी परत. मग मी गिअरबॉक्सचं बाहेरचं झाकण काढलं. त्याच्या आत एक दातेरी खटका असतो, रॅचेट म्हणतात, दांडीच्या एका हालचालीला एकच गिअर पुढंमागं सरकवणारा. गिअर चढताना बरोबर चढतात आणि उतरताना अडतात, म्हणजे दोष एकाच बाजूचा. त्या बाजूचा दात तरी झिजला असणार, नाही तर स्प्रिंग मेली असणार. भिंग लावून बघितलं. दात शाबूत. स्प्रिंगही बरी होती, तरी मनाच्या समाधानासाठी बदलली. पुन्हा फेरी मारली, पुन्हा लोणी.

आणि आता ही तिसरी खेप.

"मी चालवली की चालती आणि तू चालवलीस की अडती. असं कसं?"

"बापूची गाडी हाय. माझ्यावर राग असंल तिचा." तो हसला, पण हसण्यात नेहमीचा जोर नव्हता.

"चल, तू चालव. मी मागं बसतो. मला ती अडताना बघू दे."

"फेरी कशाला? उघड की सरळ. गिअरबॉक्स पुरता खाली घे. काय असंल ते आतच असणार न्हवं?"

"उघडतो. आधी फेरी."

"लेका, उन्हाचं कशाला फिरवतोस? उघड म्हणतोय न्हवं!"

तो एकदम ओरडला तसा मी चपापलो. रंगराव माझ्यावर कधी आवाज चढवत नसे. मी त्याच्यामागं टांग टाकून बसलो. त्यानं किक मारली, गाडी सुरू झाली. मग खाली वाकून पहिला गिअर त्यानं हातानं उचलून टाकला.

"हे काय?"

"सवय झालीया," तो म्हणाला.

टेंबलाईच्या टेकडीकडे निघालो. चढ लागेपर्यंत गिअर खरोखर खटाखट पडले. टेकडीवर चढ संपला, मागं वळलो आणि उतार सुरू झाला. गाडी तिसऱ्या गिअरात होती.

"आता दुसरा घे," मी म्हणालो आणि त्याच्या उजव्या खांद्यावरून वाकून खाली पायाकडे बघू लागलो.

त्याचा गुडघा वर आला. नडगी वर आली. पण बूट नुसता लोंबत होता, पुढचं टोक जमिनीकडे करून, दोरीला बांधल्यासारखा. ते टोक दांडीला घासलं आणि निसटलं. पुन्हा गुडघा वर आला. पुन्हा बूट घासून खाली गेला. दांडी आपल्या जागी होती. तिला कुणी उचललंच नव्हतं.

"बघ! अडला! बघितलंस न्हवं?" रंगराव ओरडला.

मी बघितलं होतं. पण जे बघितलं ते डोक्यात शिरत नव्हतं. आयुष्यभर मी गिअरची दांडी बघत आलो होतो, ती हलवणारा पाय कधी बघितला नव्हता.

"बाजूला घे."

त्यानं डाव्या पायाचा ब्रेक दाबला. गाडी गचके खाऊन बंद पडली. मी उतरलो, उकिडवा बसलो आणि दांडी दोन बोटांनी वर उचलली. खट्. दुसरा. आणखी एकदा. खट्. पहिला.

"पडला," मी म्हणालो.

"तुझ्या हाताला पडतोय तो. तुला भितोय."

मी त्याच्या बुटाकडे बघत होतो. पांढरे कॅनव्हासचे बूट, पाडव्याला घेतलेले. या जुन्या गाडीवाल्यांचा उजवा बूट मी कुठंही ओळखतो. दांडी उचलून उचलून त्याच्या वरच्या अंगाला, बोटांवर, काळा घट्टा पडलेला असतो. रंगरावच्या बुटावर तिथं डागसुद्धा नव्हता. आणि बुटाचं पुढचं टोक, जमिनीकडचं, झिजून त्याला भोक पडलं होतं. आतला मोजा दिसत होता. डावा बूट मात्र नव्यासारखा.

"रंग्या, कठड्यावर बस. बूट काढ."

"रस्त्यात?"

"काढ."

तो गाडीवरून उतरला. चार पावलं चालला तेव्हा मला पहिल्यांदा तो आवाज नीट ऐकू आला. डावा पाय गुपचूप पडत होता. उजवा फट् करून आपटत होता. गेले कित्येक महिने हा आवाज करत तो माझ्या दुकानात येत होता आणि मी त्याला 'म्हातारा झालास, पाय उचल' म्हणून चिडवत होतो.

तो कठड्यावर बसला. दोन्ही बूट, मोजे काढले.

"टाचा टेकलेल्या राहू देत. बोटं वर कर. दोन्ही पायांची."

डाव्या पायाचा पंजा झटकन वर आला. उजवा जमिनीला चिकटलेला होता. अंगठा तेवढा जरासा थरथरला.

"कर की."

"केलंय."

"खाली बघ, रंग्या."

त्यानं खाली बघितलं नाही. तो माझ्याकडे बघत होता. मी त्याचा पाय हातात घेतला. गरम होता, जिवंत होता, कुठं सूज नाही, जखम नाही. फक्त पोटरी डाव्यापेक्षा बारीक वाटत होती. आणि कातडीखाली काहीतरी वळवळत होतं. इथं, मग तिथं, पाण्याखाली मासोळ्या हलाव्यात तसं, त्याच्या नकळत.

"दुखतंय?"

"न्हाई."

"मुंग्या?"

"काय बी होत न्हाई. तेच तर."

"कधीपासनं?"

"दिवाळीच्या आसपास चप्पल निसटाय लागली. मग बूट घेतलं."

"घरात शालन वहिनींना सांगितलंस?"

"काय सांगायचं तिला? चप्पल निसटती म्हणून?"

मी तसाच उकिडवा बसलो होतो, त्याचा पाय हातात धरून. खालून एक रिक्षा चढ चढत गेली.  तिचं इंजिन ऐकलं आणि मला एकदम त्याची बस आठवली.

"रंग्या, बस चालवतोस तू."

"दाबाय ताकद हाय की. ब्रेक दाबतो, ॲक्सिलेटर दाबतो. दाबून दावू तुला? तुझा हात मोडंल." त्यानं खरंच माझ्या तळहातावर चवडा रेटला, आणि जोर होता त्यात.

"दाबायचं सोड. एकावरनं दुसऱ्यावर न्यायला पाय उचलाय लागतोय का न्हाई?"

"गुडघ्यानं उचलतो."

"आणि न्हाई उचलला तर?"

तो बूट हातात घेऊन बसला. भोक पडलेल्या ठिकाणी बोट घालून फिरवू लागला.

"आंबा घाटात एकदा..." तो म्हणाला आणि थांबला.

"कधी?"

त्यानं भोकातलं बोट बाहेर काढलं.

"कधी, रंग्या?"

"साखरप्याला जाताना."

पंधरवड्यापूर्वी साखरप्याला माझ्या साडूच्या मुलीचं लग्न होतं. आमची सगळी बिरादरी रंगरावच्याच बसमधून गेली होती. दुकानात कामं अडली म्हणून मी एकटा मागं राहिलो होतो. माझी बायको रुकसाना, दोन्ही मुली, सत्तरी उलटलेली सासू, सगळे त्या गाडीत होते. रुकसाना परत आल्यावर मला सांगत होती, "रंगाभाऊंनी घाटात गाडी किती सावकाश घेतली. माणूस असावा तर असा."

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"उतारावर वळणाला समोरनं ट्रक आला. ब्रेकवर पाय न्यायला गेलो तर चवडा ब्रेकच्या पट्टीखाली अडकला. वर येईना. मग एका हातानं पँट धरून पाय वर खेचला, दुसऱ्या हातानं हँडब्रेक. स्टेअरिंग तेवढा वेळ सुटलं होतं. कठड्याला बंपर घासला आणि थांबली."

"कुणाला कळलं न्हाई?"

"म्हातारी झोपली होती. रुकसाना वहिनी मागं वळून कुणाशी तरी बोलत होत्या." बुटाकडे बघत तो पुढं म्हणाला, "पोरं टाळ्या वाजवाय लागली. त्यास्नी वाटलं मी मुद्दाम केलं. तुझी धाकटी म्हणाली, काका, अजून एकदा."

मी त्याच्या थोबाडीत मारली.

कधी हात उचलला ते मला कळलंच नाही. लहानपणीसुद्धा आम्ही कधी मारामारी केली नव्हती. त्याचं तोंड एका बाजूला वळलं आणि तसंच राहिलं. माझ्या हातावरचं काळं ऑइल त्याच्या गालावर उमटलं होतं. तो चिडला नाही. गालही चोळला नाही.

"मला सांगायचं न्हवतंस?" मी ओरडत होतो. "मेकॅनिक म्हणून न्हाई, माणूस म्हणून तरी?"

"तेच सांगाय येत होतो की," तो अगदी हळू म्हणाला. "गाडी घेऊन. वाटायचं, तू उघडशील, आतनं काहीतरी तुटलेलं काढशील, माझ्या हातात देशील. म्हणशील, हे बघ, ह्याच्यामुळं पडत न्हवता. मग पाय बरा हाय असं झालं असतं, इक्या. प्रत्येक खेपेला तू फेरी मारून यायचास आणि म्हणायचास, आता गाडीत काय न्हाई. आणि मला दोन दिवस जेवण जायचं न्हाई."

 लोकांची यंत्रं दुरुस्त करता करता माझं आयुष्य गेलं, पण यंत्रात दोष निघावा म्हणून इतकी आस लावून बसलेला माणूस मी बघितला नव्हता.

"उद्या कुठली गाडी हाय?" मी विचारलं.

"उचगावच्या चौगुल्यांचं वऱ्हाड. देवरुखला."

"त्याच घाटानं?"

"शब्द दिलाय."

"बसची किल्ली दे."

"न्हाई."

"रंग्या, किल्ली दे."

"एवढी एक खेप. मग बघू. डॉक्टरला दावतो, देवाला साकडं घालतो, तू म्हणशील ते करतो. लग्नघर हाय ते, उद्या सकाळी त्यास्नी मी काय तोंड दावू?" त्यानं बूट घातले, नाडी बांधली, उठला आणि उतारानं चालू लागला. मी हाका मारल्या. तो थांबला नाही. बापूंची गाडी तिथंच ठेवून गेला. वळणाआड दिसेनासा झाल्यावरही फट्, फट् ऐकू येत होतं.

गाडी दुकानात लावून घरी गेलो. धाकटीला जवळ घेऊन विचारलं, घाटात काय गंमत झाली गं? तिनं दोन्ही हातांनी अंगणभर बस वळवून दाखवली, तोंडानं 'झुईं' केलं आणि खिदळत माझ्या अंगावर पडली. रुकसाना जेवायला वाढते म्हणाली.  तिला सगळं सांगितलं तेव्हा तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. म्हणाली, "उद्या तुम्ही जा. काहीही करा, पण ती गाडी हलू देऊ नका."

उजाडता उजाडता मी उचगावात होतो. बसला केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. बायका रुखवताची ताटं वर चढवत होत्या, पोरं खिडकीच्या जागेसाठी भांडत होती. नवऱ्याचे वडील बळवंतअण्णा चौगुले, फेटा बांधलेला भारदस्त माणूस, दाराशी उभे राहून माणसं मोजत होते. आणि वर, स्टेअरिंगमागं, रंगराव बसला होता. इंजिन चालू होतं.

मी जाऊन बसच्या पुढं उभा राहिलो.

त्यानं हॉर्न दिला. मी हललो नाही. आणखी एकदा दिला, लांबलचक.

"ओ पाव्हणं, बाजूला व्हा की," अण्णा म्हणाले. "मुहूर्त गाठायचा हाय."

काचेतून रंगराव माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. मी खिशातून हातही काढले नव्हते. दमदाटी नाही, विनवणी नाही, काही करायचं त्राणच नव्हतं. मागं कुणीतरी पोर टाळ्या वाजवून 'चला चला' करत होतं. रंगरावनं मान वळवून बसमध्ये मागं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग इंजिन बंद झालं.

ड्रायव्हरचं दार उघडलं. तो खाली उतरू लागला. डावा पाय पायरीवर आला, उजवा काढताना बुटाचं टोक दाराच्या पट्टीत अडकलं आणि एवढा थोरला माणूस उभाच्या उभा तोंडावर रस्त्यावर आपटला.

आवाज असा झाला की बायका किंचाळल्या. मी धावलो. त्याचा ओठ फुटला होता, हात टेकून तो उठायला बघत होता आणि उजवा पाय पुन्हा पुन्हा घसरत होता. माणसं गोळा झाली. कुणीतरी हसलं. मग मागून आवाज आला, "अरं, ह्यो तर प्यायलाय!"

"ड्रायव्हर प्यायलाय!"

"सकाळी सकाळी? लग्नाच्या दिवशी?"

अण्णा गर्दीतून पुढं आले. रागानं त्यांचा चेहरा लाल झाला होता. "रंगराव, दारू प्यायलाईस?"

मी तोंड उघडलं. रंगरावनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की हाड दुखलं.

"व्हय अण्णा," तो खालूनच म्हणाला. "घेतलीया. रातभर घेतलीया. माझ्याच्यानं गाडी चालायची न्हाई. दुसरा ड्रायव्हर बघा."

 त्याच्या तोंडाला दुधाच्या चहाचा वास येत होता. वाकून घेतला असता तर कुणालाही आला असता. कुणी वाकलं नाही. अण्णा त्याला नाही नाही ते बोलले. एक म्हातारी बसमधून उतरली, त्याच्याकडे बघून जमिनीवर थुंकली आणि म्हणाली, "बाई गं, वाचलो. सगळ्यास्नी घेऊन दरीत गेला असता हा मुडदा."

मी उद्यमनगरातल्या पापा नाईकवडी ड्रायव्हरला बोलावून आणलं. तो त्याच बसवर बसला, नारळ फुटला आणि वऱ्हाड गेलं.

पुढं मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. नसांचा आजार, एकेक करून अंगातले सगळे स्नायू निकामी करणारा. औषध नव्हतं. आधी दुसरा पाय गेला, मग हात, मग बोलणं. तीन वर्षंही निघाली नाहीत. त्या सकाळची बातमी मात्र आजारापेक्षा लवकर पसरली होती. रंगा पोवार पितो, त्याची गाडी घेऊ नका. बस विकावी लागली. मातीला आलेल्यांतसुद्धा माझ्या शेजारी उभा असलेला कुणीतरी कुजबुजला, दारूनं खाल्लं बिचाऱ्याला.

बोलता येत होतं तोवर मी त्याला एकदा विचारलं होतं, तसं का म्हणालास? खरं सांगितलं असतंस तर लोकांनी हात दिला असता.

"दारू सुटती, इक्या," तो म्हणाला. "लोकास्नी म्हायती हाय, दारू सुटती."

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी वऱ्हाड गेल्यावर आम्ही दोघं रिकाम्या रस्त्याच्या कडेला बसलो होतो. झेंडूच्या पाकळ्या आणि फुटलेल्या नारळाची शेंडी पडली होती. त्यानं ओठाला माझा रुमाल लावला होता. मी म्हणालो, चल, डॉक्टरकडे जाऊ. तो म्हणाला, जाऊ. आधी दुकानात चल.

दुकानात तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "एकदा पुरता उघड. आतपातूर. माझ्यासमोर."

मी गाडीखाली पोतं अंथरलं. तेल काढलं, झाकण काढलं, खटका काढला, आतले शाफ्ट, गिअर, काटे, एकेक करून सगळं बाहेर घेतलं. रॉकेलमध्ये धुतलं. त्यानं हात पुढं केला तसा मी एकेक गिअर त्याच्या तळहातावर ठेवू लागलो. तो प्रत्येक फिरवून बघायचा, दात बोटानं चाचपायचा, परत द्यायचा. पन्नास वर्षं जुनं लोखंड, पण काय घडवलेलं. कुठं टवका नाही, कुठं चीर नाही. बाहेर आजूबाजूच्या कारखान्यांतले लेथ सुरू झाले होते.

एक लहान गिअर त्यानं बराच वेळ हातात ठेवला. दाराकडे, उजेडाकडे धरला.

"इक्या, हा दात बघ. जरासा झिजलाय न्हवं?"

मी तो घेतला. फडक्यानं पुसला, डोळ्याजवळ नेला, दातावरून नख फिरवलं. धार अगदी नव्यासारखी होती.

"व्हय," मी म्हणालो. "झिजलाय जरा."

"मग! मी म्हणत न्हवतो?" त्याचा फुटलेला ओठ हसल्यामुळं पुन्हा वाहू लागला, पण त्याला त्याचं भान नव्हतं. "बदल तेवढा."

"बदलतो," मी म्हणालो, आणि तो चांगला गिअर फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला.